खटका वाजला म्हणजे बसले का?

शेगावच्या रेल्वे स्थानकावर एका कुटुंबातला छोटासा वाद ऐकायला मिळाला. दर्शनाला आलेले पुण्याकडचे नवरा-बायको, सोबत इकडच्याच आजी आणि आठ-नऊ महिन्यांचे मूल. फलाटावर उतरल्यावर मुलाच्या वडिलांनी बाबागाडीचा सांगाडा उघडला, त्यावर आसन बसवले, मूल ठेवले, पट्टे लावले. आजी शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी आसनाच्या कडेला हात घातला, किंचित वर ओढले आणि म्हणाल्या, "अरे, हे एका अंगानं हालून राह्यलं पाय."

"बसलंय आई. आवाज आला ना खटक्याचा."

आजींनी पुन्हा ओढून दाखवले. आसनाची डावी बाजू बोटभर वर आली. उजवी घट्ट होती.

दोघेही खरेच बोलत होते. खटका वाजला होता, पण तो उजव्या बाजूचा. डाव्या बाजूने काहीच सांगितले नव्हते, आणि एक आवाज ऐकल्यावर दुसऱ्याची वाट कोण पाहतो? त्यातून मागे मालगाडी धडधडत चाललेली.

आपण पुस्तकांची परीक्षणे वाचतो, नाटकांची वाचतो. ज्या वस्तूवर आपण आपले मूल ठेवतो तिचे परीक्षण मात्र दुकानात रंग आणि किंमत पाहून संपते. म्हणून त्याच धाटणीची एक बाबागाडी खामगावातल्या ओळखीच्या घरून आठवडाभर मागून आणली आणि तिची जोडणी पुन्हा पुन्हा घालून-काढून पाहिली. ती कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे कारण नाही. दोष कंपनीचा नसून जोडणीच्या या तऱ्हेचा आहे, आणि ती तऱ्हा आज अनेकांच्या गाड्यांत आढळते.

या गाडीचे तीन भाग आहेत. चाके आणि मूठ असलेला सांगाडा, बसत्या मुलासाठीचे आसन आणि तान्ह्यासाठीचा पाळणा. आसन किंवा पाळणा यांपैकी एकच काय ते एका वेळी सांगाड्यावर बसते. सांगाड्याच्या दोन्ही अंगांना एकेक खोबण आहे, आसनाला दोन्हीकडे एकेक जाड चपटी जीभ. जीभ खोबणीत वरून खाली सरकवली की स्प्रिंगने ढकललेली एक छोटी खिट्टी जिभेच्या खाचेत शिरते आणि 'खट्' असा आवाज होतो. काढताना दोन्ही बाजूंची बटणे एकाच वेळी दाबून आसन सरळ वर उचलायचे.

पाळणा वेगळा का लागतो, हे आधी पाहू. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे पाव असते आणि मानेचे स्नायू ते पेलू शकत नाहीत. अर्धवट टेकवून बसवले तर हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून तान्ह्याला सपाट निजवायचे. मूल स्वतःहून बसू लागले, हातांवर उठू लागले की पाळणा बंद आणि आसन सुरू. युरोपातील मानकांत बाबागाडीसाठी ईएन १८८८ आणि पाळण्यासाठी ईएन १४६६ अशी दोन निरनिराळी मानके आहेत, यावरूनही या दोन वस्तू एक नव्हेत हे कळते. पाळण्याला उचलण्यासाठी मूठ असते आणि आतल्या बाळासकट तो उचलणे अपेक्षित असते. मी पाहिलेल्या आसनाला तशी मूठ नाही. ते रिकामे करूनच काढायचे आहे. पण आसनाच्या पुढे मुलाला धरायला एक आडवी दांडी आहे, आणि ती दांडी पाहून कोणाचाही हात उचलण्यासाठी तिथेच जातो. वस्तूचा आकार एक सांगतो आणि सूचनापत्रक दुसरे, असे झाले की माणसे आकाराचेच ऐकतात.

आता मुख्य मुद्दा. डावी खिट्टी बसलेली किंवा न बसलेली, उजवीही तशीच. एकूण स्थिती चार. दोन्ही बसलेल्या, ही एकच सुरक्षित. दोन्ही न बसलेल्या, ही वाईट खरी, पण फसवी नाही. आसन हाताला ढिले लागते, आवाजही झालेला नसतो. उरलेल्या दोन स्थितींत एक खिट्टी बसलेली आणि एक नाही. या दोन घातक आहेत. आवाज झालेला असतो, आसन सरळ दिसते, हाताला अर्धवट घट्टपणाही लागतो. चारांपैकी दोन स्थितींत जी जोडणी आपल्याशी खोटे बोलते, तिला चांगली जोडणी कसे म्हणावे?

यावर कोणी म्हणेल, खिट्टी बसली नाही तर मूल ठेवताक्षणीच कळेल की! नाही कळत. मूल आणि आसन मिळून १२ किलो असे धरू. सपाट जमिनीवर हे सारे वजन जिभांमधून खोबणींच्या तळावर जाते आणि तळ तेवढीच प्रतिक्रिया वर देतो. खिट्टीवर या वेळी काहीच भार नसतो. तिचे काम आसनाला वर निघू न देण्याचे, आणि वर ओढणारे बल आलेलेच नाही. म्हणजे गुरुत्वाकर्षण इथे खिट्टीचा दोष झाकून ठेवते. घरापासून देवळापर्यंत, बाजारापर्यंत सारा प्रवास बिनबोभाट होतो आणि त्या प्रवासामुळेच जोडणाऱ्याचा विश्वास वाढतो.

दोष उघड होतो तो जिन्यावर. स्थानकाच्या पुलावर बाबागाडी चढवताना दोघे जण ती उचलतात. एक जण मूठ धरतो, दुसरा पुढून हाताला लागेल ते, म्हणजे बहुधा आसनाची ती दांडी. आता बलांची दिशा पालटली. आसन वर धरलेले आणि सुमारे ७ किलोचा सांगाडा निदान पुढच्या बाजूने खिट्ट्यांना लोंबतो आहे. इतका वेळ बिनकामाची असलेली खिट्टी याच क्षणी भार घेते, आणि मूल जमिनीपासून सर्वांत उंच असते तेही याच क्षणी. पुढचे चाक खड्ड्यात अडकल्यावरही असेच घडते; सांगाडा थांबतो, मूल आणि आसन जडत्वाने पुढे जाऊ पाहतात आणि मोकळ्या बाजूची जीभ खोबणीतून वर चढते.

आमच्या भागात याला आणखी एक भर आहे. काळी माती. पावसाळ्यात चाकाबरोबर उडालेला चिखल खोबणीत जातो, वाळून कडक होतो आणि तळाशी दोन-तीन मिलिमीटरचा थर साचतो. जीभ त्या थरावर टेकते, खाच खिट्टीसमोर येतच नाही. मी मुद्दाम एका खोबणीत ओल्या मातीची गोळी दाबून वाळू दिली. आसन ठेवल्यावर वरून पाहणाऱ्याला काहीही फरक दिसला नाही. कोरड्या ब्रशने खोबण साफ केल्यावर खिट्टी पूर्वीसारखी बसली. ज्याने ही खोबण वर तोंड करून उघडी ठेवली, त्याच्या डोळ्यांसमोर डांबरी किंवा फरशीचे रस्ते असावेत.

हे सारे तर्काचे आहे असे वाटू नये म्हणून एक नोंद देतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटॅक्स या कंपनीने अमेरिकेतील सुमारे ६ लाख ७६ हजार बाबागाड्यांबाबत सुधारणेची जाहीर सूचना काढली. या गाड्यांवर तान्ह्याचे मोटारीतले आसन काढून बसवता येत असे. सांगाड्यावरची ते अडकवण्याची बैठक खराब झाली की आसन अचानक सुटत होते. आसन सुटून खाली पडल्याच्या ३३ तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत २६ मुलांना खरचटणे, मुका मार, डोक्याला टेंगूळ अशा इजा झाल्या होत्या. माझ्या मते सर्वांत बोलका आकडा तिसरा आहे. बैठक खराब झाल्याच्या तक्रारी १,३३७ होत्या. म्हणजे खराब बैठकीच्या गाड्या पुष्कळ, पडलेली आसने थोडी. सपाट रस्त्यावर दोष झाकला जातो हे वर म्हटले, त्याच्याशी हे जुळणारे आहे.

काही गाड्यांत उपाय म्हणून छोटी रंगीत खिडकी असते. खिट्टी बसली की हिरवी, नसली की लाल. कल्पना चांगली आहे. मी पाहिलेल्या गाडीत ती आसनाच्या खालच्या अंगाला आहे. उभ्या माणसाला ती दिसण्यासाठी गुडघ्यावर बसावे लागते. बटण दाबायला अंगठा जिथे जातो तिथेच ती असायला काय हरकत होती?

याच्या शेजारी आपल्या शेतातली झोळी ठेवून पाहू. कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा कडूनिंबाला लुगड्याची झोळी टांगलेली असते आणि आई पाटेत वेचत असते. तीही काढता-घालता येणारी जोडणीच. झाड हा सांगाडा, लुगडे हे आसन. संध्याकाळी लुगडे सोडायचे, घडी करायची, टोपल्यात टाकायची आणि घरी आल्यावर तुळईला बांधायची. सांगाडे दोन, आसन एक. बाबागाडीच्या जाहिरातीत जो गुण मोठ्या अक्षरांत छापतात, तो इथे फुकट आहे.

झोळीच्या जोडणीतले विज्ञान पाहण्यासारखे आहे. लुगड्याचे टोक फांदीभोवती दोन वेढे घेऊन मग गाठ मारली, असे समजा. वेढ्यातल्या घर्षणाचे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर टोकावरचा ताण सुमारे साडेसहापट कमी होतो, दोन वेढ्यांनंतर सुमारे ४३ पट. एका टोकाला १० किलोचा भार असेल तर गाठीवर पाव किलोही येत नाही. तिसरा वेढा घेतला तर ताण २८६ पट घटतो. गाठ मारणाऱ्या बाईने हे सूत्र पाहिलेले नसते. "एक पेळ जास्तीचा घे" एवढे तिला सासूने किंवा आईने सांगितलेले असते.

पण माझ्या मते वेढ्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. झोळीत जोडणीवर भार सतत असतो आणि तो एकाच दिशेने असतो. गाठ कच्ची असेल तर ती झाकली जाणार नाही. बाळ ठेवण्याआधी आई झोळीत दोन्ही हातांनी जोर देऊन दाबते, त्याच वेळी ती सरकेल. ज्या दिशेने पुढे भार येणार त्याच दिशेने ही चाचणी होते. शेगावच्या आजींनीही नेमके तेच केले होते, फक्त दिशा बदलून. झोळी दाबून पाहायची असते, खिट्टी वर ओढून पाहायची असते. हे त्यांना कोणी शिकवले असेल असे वाटत नाही. त्यांनी हलवून पाहिले आणि जिकडे हलले तिकडे बोट दाखवले.

याच न्यायाने गोठ्यातले दावे पाहा. जनावराने हिसका दिला की खुंट्यावरची गाठ आवळते. गड्याने मोकळे टोक ओढले की तीच गाठ झटक्यात सुटते. आतल्या बाजूने लागणाऱ्या झाकणाचा प्रेशर कुकर घ्या. वाफेचा दाब झाकणाला कडेवर अधिकच घट्ट दाबतो आणि दाब असेपर्यंत ते उघडत नाही. दोन्ही ठिकाणी भारच कुलपाचे काम करतो. बाबागाडीची जीभ थोडी वाकडी करून, मुलाच्या वजनाने ती आकड्यासारखी आत ओढली जाईल अशी केली, तर निदान सपाट रस्त्यावरचा धोका पुष्कळ कमी होईल. दोन्ही खिट्ट्या एकाच ताठ दांड्याला जोडल्या तर चार स्थितींच्या दोनच उरतील. हे अशक्यप्राय शोध नव्हेत.

झोळीची आरती ओवाळण्याचा मात्र माझा हेतू नाही. तिच्यात तान्ह्याची पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते, म्हणजे पाळणा ज्यासाठी केला तोच दोष झोळीत आहे. लुगडे जुने असते आणि ते गाठीपाशी नव्हे, घडीच्या रेषेवर विरते. मोठे मूल झोळीत गिरक्या घेऊ लागले तर कापडाचा पीळ मानेभोवती बसू शकतो. अशा मृत्यूंची वर्णने भारतीय न्यायवैद्यकाच्या लिखाणात आली आहेत. शिवाय भाराने आवळलेली गाठ घाईत सुटत नाही. सुटण्याच्या बाबतीत बाबागाडी सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. दोन बटणे दोन हातांनी एकाच वेळी दाबावी लागतात ही अडचण नव्हे, तो गुण आहे. आसनातल्या मुलाला किंवा शेजारच्या भावंडाला ती सहज दाबता येत नाहीत.

मात्र काढण्याच्या क्रियेतही एक गोष्ट राहून गेली आहे. दोन्ही हात बटणांवर असताना सांगाडा कोण धरणार? उतारावर तो घरंगळतो. चाकाची खिळ आधी लावावी असे चित्रात दाखवले आहे, पण खिळ न लावताही आसन निघते. त्याहून वाईट प्रकार पिशवीचा. समजा ७ किलोच्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसापुढे २५ सेंटिमीटरवर आहे, आणि मुठीला टांगलेली ६ किलोची पिशवी आसामागे ३० सेंटिमीटरवर. मुलासह आसन १२ किलोचे, आसापुढे २० सेंटिमीटरवर. पुढच्या बाजूला १७५ अधिक २४०, म्हणजे ४१५, मागे १८०. गाडी ठाम उभी. आसन उचलताच पुढे १७५, मागे १८०, आणि सांगाडा पिशवीसकट मागे उलटतो. आपल्या हातात मूल, सांगाडा पायावर. म्हणून काढताना पहिल्यांदा पिशवी काढायची, मग खिळ, मग मूल, शेवटी आसन. आठवी-नववीच्या मुलांना आघूर्णाचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

मग जोडणीच नको, असे म्हणता येईल का? तसेही झाले आहे. विमानविद्येत काम केलेल्या ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी रचली. तिचे कापडी आसन सांगाड्यावरच कायमचे शिवलेले, गाडी जेमतेम ३ किलोची. आपल्या बाजारांत दिसणाऱ्या हलक्या गाड्या तिच्याच वंशातल्या. आसन काढायचे नाही, म्हणून खिट्टीची भानगड नाही. पण मिटवण्यासाठी बिजागऱ्या आल्या, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये याच नावाच्या कंपनीला अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवर घालायची आवरणे द्यावी लागली. बिजागरीत सापडून बोटाचे टोक तुटल्याची १२ प्रकरणे तेथे नोंदली गेली होती. एक जोडणी काढली की धोका दुसरीकडे बसायला जागा शोधतो. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसनने न काढताच पाळण्याचे तोंड फिरवता येईल अशा गाडीचे पेटंट घेतले होते. बाळाने आईकडे पाहावे यासाठी पाळणा सोडून उलटा बसवायचे कारण उरले नाही. सोडणे-बांधणे जितके कमी, तितकी अर्धवट राहण्याची संधी कमी, हा विचार मला आजच्या पुष्कळ गाड्यांपेक्षा शहाणा वाटतो.

वर्गात बाबागाडी आणण्याची गरज नाही. दप्तराचे प्लास्टिकचे बक्कल घ्या. त्यालाही दोन बाजूंनी दोन पंजे असतात. मुलांना ते मुद्दाम एका बाजूनेच बसवायला सांगा, मग डोळे मिटून आवाजावरून ओळखायला सांगा, मग हळूच ओढून पाहायला सांगा. नंतर वर्गाच्या दाराचा कडी-कोयंडा दाखवा. कडी लागली आहे की नाही हे शेवटच्या बाकावरूनही दिसते, तिला वाजण्याची गरज पडत नाही. डब्याचे झाकण, सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग, खिडकीची खिट्टी, बैलगाडीच्या जुवाची शिवळ; प्रत्येकापाशी एकच प्रश्न विचारायचा की, ही अर्धवट लागली तर कशी दिसेल? आमच्याकडच्या एका मुलीने शिवळीबद्दल उत्तर दिले, "अर्धी घातली तं ती वर उभी दिसते, सर."

खामगावची ती गाडी परत करताना दोन्ही जिभांवर, खिट्टी पूर्ण बसल्यावर खोबणीच्या कडेशी जिथे येते तिथे, नखरंगाची एकेक लाल रेघ ओढून दिली. आसन पुरते बसले की रेघ खोबणीत बुडते. बसले नाही तर दिसत राहते, आणि ती पाहायला खाली वाकावे लागत नाही.